जुनी ई-क्लास टिकाऊ की नवी? पिढीगणिक बिघाड कसा बदलत गेला

बडोद्यात सेकंड हँड मर्सिडीज ई-क्लास घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला मिळतो: जुनी घे, ती लोखंडाची आहे, नवी म्हणजे नुसता कॉम्प्युटर. सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ‘गाडी भरवशाची आहे का’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. ती किती वेळा बिघडते? बिघडण्याआधी काही सांगते का? आणि बिघडली तर आपल्या गावात तिला हात लावणारा कोणी आहे का? जुनी ई-क्लास सारखी काही ना काही मागत राहते, पण आधी सांगून मागते. नवी वर्षानुवर्षं गप्प चालते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर एक ओळ उमटवून बसते. कुठली परवडेल हे ज्याच्या त्याच्या वापरावर आणि मिस्त्रीवर ठरतं, म्हणून प्रत्येक पिढीचं दुखणं नीट माहीत हवं.

पिढ्या ओळखायच्या त्या कारखान्याच्या नंबरावरून. डब्ल्यू१२४ ही नव्वदच्या दशकातली चौकोनी गाडी. भारतात तिची जुळणी १९९५ मध्ये पुण्यात सुरू झाली. मग गोल दिव्यांची डब्ल्यू२१० (जगात १९९५ पासून), डब्ल्यू२११ (२००२), पुन्हा कोनाकोनांची डब्ल्यू२१२ (२००९) आणि डब्ल्यू२१३ (२०१६). ही शेवटची भारतात २०१७ मध्ये आली ती लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली), म्हणून तिला व्ही२१३ म्हणतात. व्ही२१४ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्या म्हातारपणाबद्दल बोलायला अजून वेळ आहे.

डब्ल्यू१२४: इंजिन अमर, रबर नाही

या गाडीचं नाव झालं ते तिच्या डिझेल इंजिनामुळे. २.५ लिटरचं पाच सिलिंडरी इंजिन, मेकॅनिकल इंजेक्शन पंप, आणि इलेक्ट्रॉनिक्स नावापुरतं. ऑइल वेळेवर बदललं तर पाच लाख किलोमीटर ही त्याला मोठी गोष्ट नाही. किल्ली फिरवल्यावर हे इंजिन बंद होतं तेही व्हॅक्यूमवर. वर्षांनी ती रबरी नळी तडकली की किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन धडधडत राहतं. घाबरायचं कारण नाही. बोनेट उघडलं की इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेला एक खटका असतो, तो दाबून धरायचा. नळी शंभर-दोनशे रुपयांची. ती कुठे गळते ते शोधायला अर्धा दिवस.

हीच या गाडीच्या सगळ्या दुखण्यांची तऱ्हा आहे. मागच्या चाकांना प्रत्येकी पाच दांड्यांचं सस्पेन्शन, त्यांचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, स्टीअरिंगचा डॅम्पर, डिझेलच्या नळ्यांच्या ओ-रिंग: जे जे रबर ते ते तीस वर्षांत कडक झालेलं असतं. ओ-रिंग गेल्या की रात्री नळ्यांत हवा शिरते आणि सकाळी सेल्फ लांबतो. यातलं काही एका दिवसात गाडी बंद पाडत नाही. आवाज येतो, मग तो वाढतो, आणि तोवर पार्ट मागवून होतो.

एक अपवाद मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. ‘शेवटची वर्षं सर्वांत चांगली’ हा गाड्यांचा सर्वसाधारण नियम या पिढीत उलटा पडतो. साधारण १९९२ ते १९९५ च्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगला असं आवरण वापरलं गेलं की जे उष्णतेने सुकून पापडासारखं तुटतं. भारतातल्या गाड्या नेमक्या याच काळाच्या अखेरीच्या. ई२२० पेट्रोल पाहत असाल तर इंजिनावरच्या एखाद्या प्लगची रबरी टोपी मागे सरकवा आणि आतली वायर बोटांत धरून हलकेच वाकवा. आवरण चिमटीत चुरा होऊन आलं तर अख्खं हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, बदलायचं ठरवूनच भाव करा, कारण त्यापुढे शॉर्ट होऊन इंजिनाचा कंट्रोल युनिट जातो. डिझेलला इतकं वायरिंगच नाही, म्हणून ती यातून बरीचशी सुटली.

डब्ल्यू२१० वर फार वेळ घालवण्यासारखं नाही. इंजिनं चांगली, पण पत्रा कच्चा. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुढच्या स्प्रिंगची वाटी जिथे वेल्ड केलेली आहे तो भाग गंजतो. ती वाटी तुटली की चालत्या गाडीचं पुढचं अंग एका बाजूला बसतं. लिफ्टवर चढवून तिथे टॉर्च मारल्याशिवाय ही गाडी घेऊच नये.

डब्ल्यू२११: सर्वांत आरामशीर, आणि सर्वांत जपून घ्यायची

‘नवी म्हणजे कॉम्प्युटर’ ही ओरड खरी सुरू झाली ती इथून. २००२ ते २००६ च्या गाड्यांना एसबीसी नावाचे ब्रेक आहेत. नेहमीच्या गाडीत पेडल दाबलं की आपल्या पायाचा दाब तेलातून थेट चाकापर्यंत पोचतो. एसबीसीत पेडल फक्त कॉम्प्युटरला सांगतं, आणि विजेचा पंप साठवलेल्या दाबाने प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावतो. कल्पना सुरेख होती. अडचण अशी की त्या युनिटचं आयुष्य ब्रेक किती वेळा दाबला यावर मोजलं जातं. आत मोजणी चालू असते, आणि आकडा भरला की लाल सूचना येते. पंप खरोखर मेला तर फक्त पुढच्या चाकांना साधा हायड्रॉलिक ब्रेक उरतो: पेडल खोल जातं आणि पूर्ण ताकदीने दाबावं लागतं. २००४ मध्ये कंपनीने सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या या ब्रेकसाठी परत बोलावल्या. पुढच्या वर्षी सुमारे १३ लाख गाड्यांच्या मोठ्या रिकॉलमध्येही ब्रेक होतेच. २००६ च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे त्याच पिढीच्या सुधारित रूपात, एसबीसी काढूनच टाकलं.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एक गोष्ट मिस्त्रीला स्वतः सांगावी. ब्रेक पॅड बदलण्याआधी एसबीसी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) बंद करावं लागतं. ही यंत्रणा दार उघडलं किंवा लॉक खोललं तरी आपोआप जागी होते आणि दाब भरते. त्या क्षणी कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, बोट असेल तर ते चिरडतं. नाक्यावरच्या गॅरेजात ‘पॅड तर आहेत, दहा मिनिटांत होतील’ असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून हलवावी.

इंजिनांचंही तसंच आहे. व्ही६ पेट्रोल, म्हणजे ई२८० आणि ई३५० मधलं एम२७२: त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर मारणाऱ्या दांड्याचं) गियर मऊ धातूचं निघालं. त्याचे दात झिजतात, टायमिंग सरकतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. गियर स्वतः महाग नाही. त्याच्यापर्यंत पोचायला इंजिन उतरवावं लागतं, म्हणून बिल लाखांत जातं. २००७ नंतर बनलेल्या इंजिनांत हा दोष सहसा नाही, पण गाडीचं साल आणि इंजिनाचं साल वेगळं असू शकतं, तेव्हा इंजिन नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावा.

व्ही६ डिझेल ओएम६४२ हे मुळात दणकट. त्याची दोन दुखणी आहेत आणि दोन्ही गळतीची. सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत ऑइल कूलर बसवलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर टर्बो. त्या उष्णतेत कूलरची नारिंगी सील कडक होतात आणि ऑइल दरीतून मागे वाहत गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब थेंब पडतं. अनेक मिस्त्री ते पाहून मागचं क्रँक सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवतात. आधी वर टर्बोखाली आरसा आणि टॉर्च घेऊन पाहायला सांगा. सुधारलेली सील जांभळ्या रंगाची येतात, तीच घालावीत. सील स्वस्त, मजुरी भारी, कारण इनटेक आणि टर्बो दोन्ही काढावे लागतात. दुसरी गळती टर्बोच्या तोंडाला बसणाऱ्या हवेच्या पाइपच्या सीलची. तिथून झिरपलेलं ऑइल थेट खालच्या इनटेक फ्लॅपच्या मोटरवर पडतं, मोटर जळते आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते: जोर नाही, वेग नाही. दीड-दोनशे रुपयांचं सील दर सर्व्हिसला पाहिलं तर हजारोंची मोटर वाचते.

गिअरबॉक्सबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमजही याच काळातला. पाच गिअरच्या ७२२.६ मध्ये ‘ऑइल आयुष्यभराचं’ असं सुरुवातीला सांगितलं गेलं. ते धरून बसू नका. दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला तर हा गिअरबॉक्स फार चालतो. याला डिपस्टिकची (ऑइल मोजायच्या पट्टीची) नळी असते पण डिपस्टिक नसते. लेव्हल ऑइल ८० अंशांना तापल्यावर मोजायची असते. आणि एक छोटी गोष्ट जवळून पाहावी: गिअरबॉक्सच्या कडेला जिथे वायरिंगचा गोल प्लग बसतो, त्याच्या आतल्या ओ-रिंग सुकल्या की ऑइल तारांच्या आतल्या आत, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वर चढत जाऊन कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. प्लग काढल्यावर त्याच्या पिना तेलकट दिसल्या तर ओ-रिंगवाला प्लग त्याच दिवशी बदला. तो काही शेकड्यांत मिळतो.

एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, असलेल्या गाडीची परीक्षा फुकट होते. संध्याकाळी सपाट जागी गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा, सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर जरी खाली आला असेल तर तिथला एअर स्प्रिंग गळतोय. ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो, म्हणून एका बिघाडाची दोन बिलं होतात.

डब्ल्यू२१२: बहुतेकांसाठी हीच

स्पष्ट सांगायचं तर बडोद्यात रोज वापरायला, हायवेला पळवायला आणि खर्च आवाक्यात ठेवायला २०१३ च्या फेसलिफ्टनंतरची डब्ल्यू२१२ डिझेल सर्वांत शहाणपणाची. ब्रेक पुन्हा साधे हायड्रॉलिक आणि पत्रा चांगला, शिवाय मर्सिडीजचं काम करणाऱ्या शहरातल्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांचा हात हिच्यावर बसलेला आहे.

पण सुरुवातीच्या गाड्यांत दोन गोष्टी आहेत. २.१ लिटरच्या ओएम६५१ डिझेलला पहिल्या काही वर्षांत पिझो प्रकारचे इंजेक्टर होते. ते अवेळी जाऊ लागले, तेव्हा कंपनीने सोलेनॉइड प्रकारचे लावायला घेतले. २००९ ते २०११ ची गाडी असेल तर इंजेक्टर बदललेले आहेत का, हे बिलासकट पाहा. याच इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन बदलायचं काम त्यामुळे मोठं होतं, आणि म्हणून ऑइल १५,००० किलोमीटरपर्यंत न ताणता १०,००० ला बदललेलं बरं. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. ई२०० पेट्रोलच्या १.८ लिटर इंजिनात चेन आणि कॅमशाफ्टची गियरं झिजतात. रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी चालू करताना बोनेट उघडं ठेवून कान द्या. पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला तर चेन ताणली आहे. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

सात गिअरच्या ७२२.९ मध्ये कंट्रोल युनिट गिअरबॉक्सच्या आतच, ऑइलमध्ये बुडलेला असतो. त्यातला वेगाचा सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. नवा युनिट लावून भागत नाही, तो त्या गाडीपुरता कोड करावा लागतो. ऑइल टाकताना लाल आणि निळं यांची गल्लत करू नका: २०१० च्या आधीच्या गिअरबॉक्सचं वेगळं, नंतरच्या सेव्हन-जी प्लसचं वेगळं. डब्यावरचा मंजुरी क्रमांक, २३६.१४ की २३६.१५, तो वाचूनच ओतायला सांगा.

व्ही२१३: गाडी चांगली, रस्ता कुठला ते महत्त्वाचं

इंजिन म्हणून २.० लिटरचं ओएम६५४ डिझेल आधीच्यापेक्षा उजवं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, स्टीलचे पिस्टन, आवाज कमी. बिघाड इंजिनात होत नाही, धुराच्या वाटेवर होतो. बीएस६ गाडीत डीपीएफ नावाची जाळी धुरातली काजळी धरून ठेवते आणि मधूनमधून ती सुमारे ६०० अंशांना जाळून टाकते. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं एका वेगात चालावी लागते. शहरातल्या शहरात अलकापुरीतून मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) आणि परत, दुपारी जेवायला पुन्हा घरी, असा रोजचा वापर असेल तर जाळणं दर वेळी अर्धवट सुटतं. जाळी भरत जाते, आणि जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर कोणी जास्त ओतलं असं समजून सोडून देऊ नका. दर पंधरवड्याला एकदा एक्सप्रेसवेने अहमदाबादच्या दिशेने किंवा ४८ नंबरच्या हायवेने भरूचपर्यंत गाडी न्यावी. ते जमणार नसेल तर पेट्रोल घ्यावी. या बाबतीत मधला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ते उष्णतेत लवकर खराब होतं, आणि बडोद्यात मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनचं काय होत असेल ते सांगायला नको. तारीख पाहून, जास्त खप असलेल्या ठिकाणाहूनच घ्या. झाकणाभोवती पांढरे खडे जमले असतील तर ते कोमट पाण्याने पुसा, आत पडू देऊ नका. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा) किंवा युरियाचा पंप बिघडला की ‘इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ अशी उलटी मोजणी सुरू होते. गाडी ठणठणीत असते, तरी मोजणी शून्यावर आली की बंद. मोजणी दिसल्या दिवशीच गाडी दाखवावी.

व्हीलबेस ३,०७९ मिलिमीटर, म्हणजे परदेशातल्या साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटर जास्त. सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर हिचं पोट घासतं. घेताना खालची प्लास्टिकची पत्रं तुटलेली आहेत का पाहा. ती नसली की पावसाचा चिखल सरळ वर उडतो.

बडोद्यात कुठल्याही पिढीआधी पाहायची गोष्ट: पाणी

२०१९ मध्ये ३१ जुलैला आणि ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी ज्या सोसायट्यांत शिरलं, तिथल्या तळघरांत आलिशान गाड्याही उभ्या होत्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ धरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. बुडालेली डब्ल्यू१२४ उघडून, वाळवून पुन्हा उभी करता येते. बुडालेली व्ही२१३ तशी उभी राहत नाही: गालिच्याखालच्या जाड फोममध्ये पाणी महिनोन्महिने राहतं, त्याच्याखालून वायरिंगचे जोड जातात, आणि तांब्यावर हिरवट थर चढला की आज सीट हलत नाही, उद्या कॅमेरा दिसत नाही, परवा गाडी सुरू होत नाही. एक बिघाड धरला की दुसरा निसटतो.

ओळखायचं असं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेघ किंवा वास राहतो, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटखालच्या रुळांचे स्क्रू पाहा. डिकीतली चटई उचलून कोपऱ्यांत बोट फिरवा. बारीक गाळ लागला तर बास. मग मालकाकडे २०२४ आणि २०२५ च्या विम्याच्या दोन्ही पॉलिसी मागा. आधी ५० टक्के असलेला नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर आला असेल तर मधल्या काळात क्लेम झाला आहे. तो कशाचा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चरोतरातल्या, म्हणजे आणंद-खेडा भागातल्या, एनआरआय घरांतून येणाऱ्या ‘फक्त बावीस हजार चाललेल्या’ गाड्यांनाही भुलू नये. वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभी राहिलेली गाडी म्हणजे सुकलेली सील, मेलेली बॅटरी, एसी कॉम्प्रेसरची गळती. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी असं टायर बदलायचंच. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांमागे तिथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी आहे (२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सैल केली). गाडी चांगली असू शकते, पण एनओसी हातात पडेपर्यंत टोकन देऊ नये, आणि गुजरातचा रोड टॅक्स भावात धरावा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या कुठल्याही गाडीला फिटनेस करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, हेही त्याच हिशेबात.

स्कॅन मात्र दोनदा करा. पहिला गाडी पाहताना, सगळ्या युनिटांचा, नुसत्या इंजिनाचा नव्हे. मग गाडी पन्नास किलोमीटर चालवा, त्यातली निम्मी हायवेला, एसी लावून. परत आल्यावर इंजिन बंद न करता दुसरा प्रिंट काढा. विकणाऱ्याने सकाळी बिघाडाचे कोड पुसून ठेवले असतील तर पहिला कागद स्वच्छ निघतो. खरी दुखणी बहुधा दुसऱ्यावर परत येतात, आणि भाव त्या दुसऱ्या कागदावर करायचा.